डोंगरावर जायला कारण कशाला लागतं?

गेल्या श्रावणात आम्ही सोलापूरच्या चौदा जणी कळसूबाईला गेलो होतो. पावसात, ढगात, चिखलात दिवसभर चाललो आणि शेवटच्या शिडीपाशी पोचून परत फिरलो. शिखर काही झालं नाही. परत आल्यावर मंडळाच्या बैठकीत एका ज्येष्ठ मैत्रिणीनं सरळच विचारलं, “हातात इतकी प्रकरणं पडून आहेत, दोघींच्या पोटगीच्या तारखा आहेत, आणि तुम्ही सहलीला जाता. यातून चळवळीला काय मिळालं?” प्रश्न रागानं विचारलेला नव्हता, म्हणूनच तो मनात राहिला. बैठकीत मला नीट उत्तर देता आलं नाही. ते इथं द्यायचा प्रयत्न करते, कारण हा प्रश्न फक्त आमच्या मंडळाचा नाही असं मला वाटतं.

आधी घरातून निघण्याविषयी सांगते. खरी चढण तिथंच होती. चौदा जणींनी घरी काय कारण सांगितलं, ते आम्ही गाडीत एकमेकींना विचारलं. सहा जणींनी सांगितलं होतं, “देवीला जाते.” त्यांना कुणी काही विचारलं नाही. एकीच्या सासूनं तर ओटीचं सामान बांधून दिलं. चौघींनी “शिबिर आहे” असं सांगितलं होतं. दोघींचं घर सवयीचं झालेलं, त्यांना सांगावं लागलं नाही. उरलेल्या दोघींनी मात्र खरं सांगितलं होतं, “डोंगर चढायला जाते.” त्यांच्या घरी दोन दिवस वाद झाला. कशाला? कुणाबरोबर? पाय मोडला तर? पोरांचं कोण बघणार? आणि शेवटी ठरलेला प्रश्न : त्यात तुला मिळणार काय?

घरातला हा प्रश्न आणि बैठकीतला तो प्रश्न एकच आहे, हे ऐकायला कडू वाटेल. पण आहे खरं.

आपल्या जिल्ह्यात पंढरपूर आहे. आषाढात हजारो बाया डोक्यावर तुळस घेऊन, भिजत, शेतात मुक्काम करत आळंदी-देहूहून चालत येतात. अडीच-तीन आठवडे घराबाहेर असतात. तेव्हा ‘बाईच्या जातीला एवढं चालवत नाही’ असं कुणी म्हणत नाही. उसाच्या फडात डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारी बाई कुणाला नाजूक वाटत नाही. दुष्काळात कोसभरावरून हंडे आणणाऱ्या बाईला कुणी ‘पाय घसरेल हं’ असं सांगत नाही. म्हणजे बाईनं चालायला मनाई कधीच नव्हती. देवासाठी चालावं, पाण्यासाठी चालावं, मजुरीसाठी चालावं. स्वतःसाठी चालायचं म्हटलं की मात्र कारण द्यावं लागतं.

टेंभुर्णी, करमाळा, अहिल्यानगर, संगमनेर, अकोले, राजूर असं करत आमची भाड्याची गाडी पहाटे बारी गावात पोचली. आम्ही सोलापूरच्या माणसांनी पाऊस बघितला तो आभाळाकडे तोंड करून वाट बघत. इथं तो वरून पडत नव्हता, चहूकडून अंगावर येत होता. भातखाचरं तुडुंब भरलेली, आणि डोंगर कुठाय विचारलं तर समोर नुसता पांढरा ढग. या ढगातच महाराष्ट्रातलं सगळ्यांत उंच शिखर होतं, १६४६ मीटर म्हणजे साधारण ५४०० फूट. बरोबर यायला गावातल्याच एक आदिवासी बाई तयार झाल्या होत्या. त्यांनी आमच्या पायांकडे बघितलं आणि हसल्या. कुणाच्या पायात लेकाचे बूट, पुढं चिंध्या कोंबलेले. कुणाच्या पायात झिजलेल्या चपला. चौदा जणींत स्वतःच्या मापाचे, चालायचे बूट असलेल्या आम्ही तिघीच होतो, आणि तिघीही पगारी नोकरीवाल्या.

वाटेत दम खायला थांबलो तेव्हा त्या बाईंनी कळसूची गोष्ट सांगितली. १८८४ सालच्या अहमदनगर जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येही ती नोंदलेली आहे. कळसू ही कोळ्याची पोर, रानात हिंडायची आवड असलेली. डोंगराच्या पायथ्याच्या इंदोर गावात ती एका घरी कामाला राहिली. राहताना तिनं अट घातली : भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. काही दिवस बरं चाललं. मग एक दिवस घरातल्या कुणीतरी तिला भांडी घासायला आणि केर काढायला सांगितलंच. तिनं ते काम केलं, आणि केल्यावर तडक डोंगरावर निघून गेली. परत खाली आली नाही, मरेपर्यंत वरच राहिली. भांडी घासली ती जागा थाळेमेळ आणि केर टाकला ती कचरामेळ.

आपण या गोष्टीला देवीची कथा म्हणतो, नवरात्रात तिथं गर्दी करतो. मला ती कामाच्या अटी मोडल्याची गोष्ट वाटते. अट आधी सांगितलेली होती, मालकानं ती मोडली, बाई काम सोडून गेली. तिनं भांडण केल्याचं गोष्टीत नाही. घर सोडलेल्या बाईला खाली जागा नसते, म्हणून समाजानं तिला वर बसवली आणि शेंदूर लावला. बंड केलेल्या बाईचं काय करायचं हे कळलं नाही की आपण तिची देवी करतो. आणि मग तिच्या देवळात कुणी यायचं, कुणी नाही, हे ठरवायला बसतो.

हे म्हणायचं कारण आहे. अर्धी वाट झाल्यावर आमच्यातली सगळ्यांत लहान मुलगी, कॉलेजात शिकणारी, माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “ताई, माझी पाळी आली. मी इथंच थांबू का? वर देऊळ आहे ना.” वर्गात लैंगिक शिक्षणाचा तास घेणारी ही मुलगी. शिवाय आडोसा नाही, पाणी नाही, कपडे ओले. मी काही बोलायच्या आत आमच्या अक्का म्हणाल्या, “कळसू बी बाईच होती की. तिला काय पाळी येत नव्हती?” सगळ्या हसल्या, चौघींनी साड्यांचा आडोसा धरला आणि विषय संपला.

एवढ्या सहज तो बाहेर संपत नाही. याच अहिल्यानगर जिल्ह्यात शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांना जाता यावं म्हणून किती वर्षं झगडावं लागलं आणि एप्रिल २०१६ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ते दार उघडलं, हे आपल्याला माहीत आहे. केरळातल्या अगस्त्यकूडम या शिखरावर तर देऊळ राहू द्या, चढाईलाच बायकांना परवानगी नव्हती. तिथल्या स्त्री संघटना न्यायालयात गेल्या, नोव्हेंबर २०१८ मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला आणि जानेवारी २०१९ मध्ये धन्या सनल ही त्या परवानगीनं वर जाणारी पहिली स्त्री ठरली. डोंगर हा हक्काचा प्रश्न नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी हे आठवावं. पण कायद्यानं दार उघडलं तरी ‘मी इथंच थांबू का’ हे शब्द मुलीच्या तोंडून जात नाहीत. ते घालवायला दुसरी एखादी बाई शेजारी असावी लागते.

आता त्या शिडीविषयी. ते सांगितल्याशिवाय लेख प्रामाणिक होणार नाही.

कळसूबाईच्या वाटेवर कडा येतो तिथं लोखंडी शिड्या बसवलेल्या आहेत. पहिल्या शिड्या आम्ही एकमेकींना धरून चढलो. शेवटच्या शिडीपाशी आलो तेव्हा वारा इतका होता की बोललेलं ऐकू येत नव्हतं. दहा पावलांवरचं दिसत नव्हतं, शिडीचं वरचं टोकही ढगात. लोखंड ओलं, हात बधिर. अक्कांचे गुडघे आता उचलत नव्हते. वय अठ्ठावन्न, पैकी चाळीस वर्षं विड्या वळण्यात गेलेली. अजून दोघी थंडीनं कुडकुडत होत्या. तिघी तरुण मुलींना वर जायचंच होतं. आणि खरं सांगायचं तर मलाही.

मी म्हणाले, “थोडंच राहिलंय अक्का. तुम्ही इथं बसा, आम्ही वर जाऊन येतो.”

अक्का म्हणाल्या, “जिंदगीभर बसूनच हाय की मी. विड्या बसून वळते. इथं बी बसू?”

मला काही बोलता येईना. सगळ्यांनी मिळून जायचं असं सोलापुरात ठरवणारी मीच. शिखर दिसायची वेळ आली तेव्हा जी मागे पडली तिला बसायला सांगणारीही मीच. मला वर काढलेला फोटो हवा होता, मंडळाच्या अहवालात छापायला. वाटाड्या बाईंनी सांगितलं, पाऊस वाढलाय, उतरताना खालच्या ओढ्याला पाणी चढेल, आणि भिजलेल्या बाया एका जागी बसल्या तर गारठतील. आम्ही तिथंच, त्या पावसात, दहा मिनिटं बोललो. प्रत्येकीला विचारलं. तिघी मुलींपैकी दोघी तयार झाल्या, एक रडली. तिचं रडणं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. मग चौदाही जणी परत फिरलो.

उतरताना मुलांचं एक टोळकं वर चढत होतं. त्यांच्यातला एक ओरडला, “बायका घाबरून परत चालल्या!” मला उत्तर द्यायचं होतं, पण उतरणच अशी होती की लक्ष पायाकडेच ठेवावं लागलं. नंतर वाटलं, बरं झालं. वर पोचणं म्हणजे जिंकणं हे माप आपण कुणाकडून घेतलं? दर पावसाळ्यात घाटात, धबधब्यावर, किल्ल्यावर माणसं पडल्याच्या बातम्या येतात. ढग उतरला, वारा वाढला, सोबतीण दमली तर परत फिरणं ही अक्कल आहे. आणि परत फिरायचा निर्णय कोण घेतं, कसं घेतं, यात चळवळीचं काम आहे. कितीतरी संघटनांत आपण शिडीखाली कुणाकुणाला बसवून वर गेलो आहोत आणि वरून फोटो पाठवले आहेत.

आता मूळ प्रश्न. चळवळीला काय मिळालं?

केंद्र सरकारच्या २०२४ सालच्या वेळ-वापर पाहणीत दिसलं की घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि असं काम करणारे पुरुष ८८ मिनिटं. हा आकडा आपण भाषणात सांगतो आणि बाईच्या श्रमाची किंमत मागतो. बरोबरच आहे. पण श्रमाची किंमत मागताना विश्रांतीचा हक्क मागायला आपण बिचकतो. बाईनं रिकामं असावं, उगाच हिंडावं, हे आपल्यालाही थोडं पाप वाटतं. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली ‘व्हाय लॉयटर?’ या पुस्तकात मुंबईच्या रस्त्यांबद्दल हेच मांडलं : बाईला शहरात कारणाशिवाय रेंगाळता आलं पाहिजे. मी म्हणते, ते सोलापूरच्या बाईला सह्याद्रीतही करता आलं पाहिजे. आमच्या जवळच्या कुंभारीत विडी कामगार बायकांची वसाहत गोदूताई परुळेकरांच्या नावानं उभी आहे. त्याच गोदूताई वारल्यांच्या जंगलात मैलोन्‌मैल पायी हिंडल्या होत्या. त्यांचं नाव आपण घरांना दिलं, त्यांचं हिंडणं मात्र त्या घरांतल्या बायकांपर्यंत पोचवलं नाही.

मात्र टीकेतला एक भाग मला मान्य आहे. अक्कांचा दोन दिवसांचा माल बुडाला. विडीची मजुरी हजारावर मिळते, विड्या वळल्या नाहीत तर पैसा नाही. मी रजा टाकून गेले, माझा पगार चालू राहिला. जाण्याआधी आम्ही गाडीभाड्याची वर्गणी सारखी ठरवली आणि त्याला समता म्हणालो. ती समता नव्हती. विश्रांतीचा हक्क असा मागायचा असेल तर बुडालेल्या मजुरीचा हिशोब आधी करावा लागेल.

म्हणून आमच्या मंडळात मी तीन गोष्टी ठेवल्या आहेत. मोलमजुरी करणाऱ्या सभासदेची त्या दिवसाची मजुरी मंडळाच्या निधीतून द्यायची. बूट, रेनकोट मंडळाचे असावेत, सगळ्यांनी वापरावेत. आणि सगळ्यांत हळू चालणारीच पुढं राहील, तिच्या चालीनं बाकीच्या चालतील. चौथी गोष्ट घरच्या घरी करायची आहे : पुढच्या वेळी देवीचं नाव न सांगता निघायचं. ही चौथी सगळ्यांत अवघड आहे, आणि जिच्या घरी मार पडतो तिला ती मी सांगणार नाही. तिनं खुशाल देवीचं नाव घ्यावं. कळसू रागावणार नाही.

खाली बारीत आल्यावर ओल्या कपड्यांनी पडवीत बसून आम्ही कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली. वाटाड्या बाईंनाही दिली. अक्का पाय चोळत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलानं विचारलं, “वर देवीचं दर्शन झालं का?” अक्का म्हणाल्या, “नाही झालं. मी दर्शनाला गेलेच नव्हते.” मग कशाला गेली होतीस, असं त्यानं विचारलं. त्याचं उत्तर अक्कांनी अजून दिलेलं नाही. द्यायची गरजही त्यांना वाटत नाही. मंडळानं त्यांच्याकडून तेवढं शिकावं.