न पाहिलेल्याचे चित्र

डोळ्यांना दिसते ते हुबेहूब कागदावर उतरविणे म्हणजे चित्रकला, असा समज आपल्या शाळांतून व घरांतून सर्वत्र आढळतो. मुलाने काढलेला आंबा आंब्यासारखा दिसला की आईवडील कौतुक करतात. गाय गाढवासारखी दिसली की हसतात. या कसोटीत गैर असे काही नाही. परंतु हीच एकमेव कसोटी मानली, तर जे कोणी पाहिलेले नाही व पाहणे शक्यही नाही, त्याच्या चित्राला शाळेत जागाच उरत नाही. पंखांचा घोडा, दोन मस्तकांचा पक्षी, ढगांवर वसलेले नगर अशा चित्रांना आपण अद्भुतचित्रे म्हणू. ही चित्रे पोरकट असून अभ्यासाच्या वेळेचा त्यांनी अपव्यय होतो, हे मत आम्हीही पुष्कळ दिवस बाळगले होते. एका विद्यार्थ्याने ते आम्हांस सोडावयास लावले.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. स्मरणचित्रासाठी आम्ही वर्गाला ‘आमचा गाव’ हा विषय दिला होता. बहुतेकांनी देऊळ, माडांची रांग, शेत व मागे दोन डोंगर काढले. डिचोली तालुक्यातील एका खाणीजवळच्या गावाहून येणाऱ्या एका मुलाने मात्र निराळेच चित्र काढले. मध्यभागी पाण्याने भरलेला तांबडा खड्डा, त्याच्या काठावर माडाहून उंच असा एक पुरुष, खांद्यावर घोंगडी, एका हातात दांडा आणि दुसऱ्या हातात काढून घेतलेल्या वहाणा. तो देवचार होता. आम्ही चित्राखाली ‘विषयास सोडून’ असा शेरा मारला व गुणही कमी दिले. वर त्याला विचारले, “तू देवचार पाहिला आहेस काय?” मुलगा खाली मान घालून म्हणाला, “पळोवंक ना, सर. पूण ताची वाट थंयच आशिल्ली.” पाहिलेला नाही, पण त्याची वाट तिथेच होती.

घरी गेल्यावर ते उत्तर मनातून जाईना. पेडणे व डिचोली या भागांत देवचार हा गावाचा राखणदार मानला जातो. एखादा जुना वृक्ष किंवा एखादा दगड हे त्याचे ठिकाण. रात्री तो गावाच्या सीमेवरून फिरतो, अशी श्रद्धा आहे. चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून काही ठिकाणी त्याला नव्या वहाणा वाहतात. ज्या डोंगरावरून ही वाट जात होती, तो डोंगरच लोहखनिजासाठी कापला गेला. पुढे २०१२ साली गोव्यातील खाणी बंद पडल्या, आणि अशा कित्येक खड्ड्यांत पाणी साचून राहिले. ज्याची वाट नाहीशी झाली, तो राखणदार वहाणा हातात घेऊन काठावर उभा राहणार नाही तर काय करील? दोन डोंगर काढणाऱ्या बाकीच्या मुलांनी पाठ केलेला गाव काढला होता. या एकाच मुलाने आपला खरा गाव काढला होता, आणि त्यासाठी त्याला न पाहिलेल्या पुरुषाचा आधार घ्यावा लागला. विषयास सोडून गेलेले त्याचे चित्र नव्हे, तर आमचा शेरा होता. दुसऱ्या दिवशी वर्गासमक्ष आम्ही तो शेरा खोडला.

तेव्हापासून आमचे असे मत झाले आहे की अद्भुतचित्र ही सत्यापासून पळवाट नसून, सत्य सांगण्याची ती एक जुनी व भारदस्त रीत आहे. आपल्या परंपरेने तर हे केव्हाच मान्य केले आहे. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात जे आठ रस सांगितले त्यांत अद्भुत हा एक असून विस्मय हा त्याचा स्थायी भाव आहे. हत्तीचे मस्तक धारण करणारा गणपती आपल्याला इतका परिचित झाला आहे की तो अद्भुत आहे हेच आपण विसरतो. पेडणे तालुक्यात जत्रेच्या रात्री दशावतारी नाटकात संकासूर प्रवेश करतो, तेव्हा त्याला पूर्वी कोणी पाहिले होते काय, असे एकही मूल विचारीत नाही. जे नाटकात चालते ते चित्रात का चालू नये?

चित्रातही ते आपल्याकडे चालत आले आहेच. मोरजीच्या मोरजाई मंदिरासारख्या गोव्यातील काही जुन्या देवळांच्या भिंतींवर कावी चित्रे आहेत. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर कावेचा तांबडा थर द्यावयाचा आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा चुना उघडा करावयाचा, ही त्या कामाची रीत. गोवा व कारवारकडच्या या कलेत वेलबुट्टी व देवदेवता यांच्याबरोबर दोन मस्तकांचा गंडभेरुंडही आढळतो. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ओल्या थरावर ओढलेली रेघ पुसता येत नाही आणि थर वाळण्यापूर्वी काम उरकावे लागते. तेव्हा जो पक्षी जगात नाही, त्याची चोच, मान व पिसे त्या कारागिराच्या मनात आधीच स्वच्छ उभी असली पाहिजेत. अशा कामाला पोरकट म्हणण्याचे धाडस कोण करील?

पेडण्याची सीमा ओलांडून सावंतवाडीवरून कुडाळकडे गेले की पिंगुळी हे गाव लागते. तेथील ठाकर समाजाने चित्रकथीची कला जतन केली आहे. रामायण-महाभारतातील एकेका आख्यानाची चित्रे एकेका पोथीत असतात. वाद्यांच्या साथीवर कथा गात गात चित्रकथी एकामागून एक पाने पुढे धरतो, आणि राक्षस, वानर, देव व वीर श्रोत्यांच्या डोळ्यांसमोरून जातात. या कलेला सावंतवाडीच्या संस्थानिकांचा आश्रय होता. पेडणे व डिचोली हे भागही अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांकडे जाण्यापूर्वी सावंतवाडीच्या भोसल्यांच्याच राज्यात मोडत होते. म्हणून या वारशावर आपलाही थोडा हक्क आहे, असे आम्ही समजतो. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना या कलेसाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली, ही आनंदाची गोष्ट होय.

उत्तरेत अकबर बादशहाच्या चित्रशाळेनेही असाच उद्योग केला. हम्जानामा या साहसकथेसाठी सोळाव्या शतकात सुमारे १५ वर्षे खपून तेथील चित्रकारांनी कापडावर सुमारे १४०० मोठी चित्रे काढली. त्यांत अजगर आहेत, राक्षस आहेत, पऱ्या आहेत. तीनशे-चारशे वर्षांनी आपल्याच गोव्यातील दोन चित्रकारांनी अद्भुताला मराठी घराघरांत नेले: मडगावचे दीनानाथ दलाल आणि अस्नोड्याचे रघुवीर मुळगावकर. दिवाळी अंकांची मुखपृष्ठे, पौराणिक प्रसंग आणि दिनदर्शिका यांमधून त्यांनी रंगविलेली देवदेवतांची रूपे आमच्या आजीच्या पिढीने चौकटीत बसवून भिंतीवर लावली.

यावर कोणी म्हणेल, मग मुलांना वस्तुचित्र शिकविण्याचे कारणच काय? मनास येईल ते काढू द्यावे! हा ग्रह मात्र घातक आहे. अद्भुतचित्र काढणाऱ्यास वस्तुचित्र अधिक चांगले यावे लागते. लिओनार्दो दा विंची याने आपल्या टिपणांत सांगून ठेवले आहे की कल्पित प्राणी खरा वाटावयाचा असेल, तर त्याचा प्रत्येक अवयव कोणत्या ना कोणत्या खऱ्या प्राण्याचा असला पाहिजे. डोके कुत्र्याचे, डोळे मांजराचे, मान कासवाची, अशी मांडणीही त्याने सुचविली आहे. वझारी या चरित्रकाराने त्याच्या तरुणपणाची एक मौजेची गोष्ट दिली आहे. वडिलांनी एका ढालीवर चित्र काढावयास सांगितले, तेव्हा लिओनार्दोने सरडे, साप, टोळ, फुलपाखरे व वटवाघळे आपल्या खोलीत आणून ठेवली आणि त्यांवरून एक अक्राळविक्राळ प्राणी रंगविला. मेलेल्या जिवांची दुर्गंधी सुटली, तरी कामाच्या नादात त्याला तिचे भान नव्हते. चित्र पाहून वडील दचकून मागे सरले. विद्यार्थी मित्रहो, राक्षस काढावयाचा असेल तर आधी शापोरा नदीच्या काठावरील कुर्ल्या न्याहाळा. तिचे डोळे कसे वर उचललेले असतात व डेंगा कसा मिटतो, हे ज्याने पाहिले नाही, त्याच्या राक्षसाला कोणीच भिणार नाही.

दुसरा आक्षेप काही सुजाण पालक घेतात. देवचार, भूतप्रेते, राक्षस यांची चित्रे काढू दिल्याने अंधश्रद्धा वाढेल, अशी त्यांना धास्ती वाटते. धास्तीमागील हेतू चांगला आहे. परंतु चित्र काढणे म्हणजे त्यावर विश्वास ठेवणे नव्हे. अंधारातल्या भीतीला नाकडोळे दिले, हातपाय दिले, की ती कागदाएवढी होते व तिच्याकडे शांतपणे पाहता येते. स्पेनचा चित्रकार गोया याने १७९९ साली प्रसिद्ध केलेल्या एका चित्रात टेबलावर डोके टेकून निजलेला माणूस आणि त्याच्याभोवती घिरट्या घालणारी घुबडे व वटवाघळे दाखविली आहेत. बुद्धीची साथ सुटली की कल्पना राक्षसांना जन्म देते आणि बुद्धीशी जोडलेली असली की तीच कलांची जननी होते, हा त्याचा आशय. कल्पना कोंडून ठेवा असे गोया सांगत नाही. बुद्धीला जागी ठेवा असे सांगतो. शाळेचे काम तरी याहून वेगळे कोणते?

आम्हांस खरी चिंता वाटते ती निराळ्याच गोष्टीची. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री गोव्यात ठिकठिकाणी नरकासुर उभे राहतात व पहाटे जाळले जातात. गवत, कागद व चिकी यांच्या साहाय्याने मुलांनी स्वतः घडविलेला नरकासुर ओबडधोबड असे, पण तो त्या वाड्याचा असे. आता बाजारातून तयार मुखवटा आणून चढविला जातो आणि परदेशी चित्रपटांतील राक्षसाची नक्कल केली जाते. त्यातच आता चार शब्द सांगताच क्षणात शेकडो अद्भुत चित्रे काढून देणारी यंत्रेही आली आहेत. त्या यंत्रांशी आमचे भांडण नाही. परंतु आमच्या विद्यार्थ्याच्या गावची वाट कोठून जात होती, हे त्याच्या आज्याने त्याला सांगितले होते. यंत्राला कोणी सांगितले नव्हते. तयार अद्भुतावर वाढणाऱ्या पिढीला विस्मय मिळेल, पण तो उसना असेल.

म्हणून आमची एवढीच सूचना आहे. वर्षातून निदान एकदा चित्रकलेच्या तासाला न पाहिलेल्याचे चित्र हा विषय द्यावा. त्याआधी आठवडाभर मुलांनी घरातील वडीलधाऱ्या माणसांकडून गावच्या गोष्टी ऐकाव्यात आणि झाडे, प्राणी, दगड यांची पाहून रेखाटने करावीत. स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनात एक भिंत या चित्रांसाठी राखून ठेवावी. पालकांनीही ती पाहताना “हे कशासारखे दिसते?” असे न विचारता “हा कोण?” असे विचारावे. उत्तर ऐकण्यासारखे असते, हा आमचा अनुभव आहे.

तो मुलगा आता शाळा सोडून गेला आहे. ते चित्र आम्ही त्याच्याकडून मागून घेतले होते. शिक्षकांच्या खोलीतील कपाटात ते अजून आहे, आणि खोडलेला शेराही त्याखाली तसाच आहे.