धूर कोणाच्या वाट्याचा?

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिक अंकात कविता लिहावी, फार तर ‘आजचा तरुण आणि बेकारी’ या विषयावर चार विचार मांडावेत, असा एक अलिखित संकेत आहे. इंजिन, कार्ब्युरेटर, सायलेन्सर हे शब्द म्हणे विज्ञान शाखेने नाहीतर आय.टी.आय.च्या मुलांनी वापरावेत! हा संकेत मला मान्य नाही. ज्या यंत्राने आपल्या वडीलधाऱ्यांचे जगणे बदलले, ज्याचा आवाज गावच्या शिवारात आजही घुमतो, त्याच्या पोटात काय चालते हे ठाऊक नसेल, तर त्याच्या बऱ्यावाईटाविषयी आपण बोलावे तरी कशाच्या बळावर? म्हणून आधी यंत्राच्या पोटात डोकावू आणि मगच मत मांडू.

पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये एक दट्ट्या खालीवर धावतो. वरून खाली किंवा खालून वर अशी त्याची एक धाव म्हणजे एक ‘स्ट्रोक’. पेट्रोल व हवेचे मिश्रण आत घेणे, ते दाबणे, ठिणगीने पेटवून त्याच्या जोरावर दट्ट्या खाली ढकलणे आणि उरलेला जळका वायू बाहेर टाकणे ही चार कामे कोणत्याही पेट्रोल इंजिनाला चुकत नाहीत. फोर-स्ट्रोक इंजिन या चार कामांना चार स्वतंत्र धावा देते. टू-स्ट्रोक तीच कामे दोन धावांत उरकते. दोघांमधले सारे गुणदोष या एका फरकातून जन्मले आहेत.

चार धावांचे इंजिन जर्मनीच्या निकोलाउस ओटो याने १८७६ साली यशस्वी करून दाखवले. त्यात प्रत्येक काम शिस्तीत, पाळीपाळीने होते. क्रँकच्या दोन फेऱ्या व्हाव्यात तेव्हा जोराची एक धाव मिळते. झडपा वेळेवर उघडाव्यात आणि वेळेवर मिटाव्यात म्हणून कॅमशाफ्ट, साखळी, स्प्रिंगा असा मोठा संसार मांडावा लागतो. वंगणाचे तेल मात्र खाली वेगळे साठवलेले असते. त्याचा पेट्रोलशी संबंध येत नाही.

टू-स्ट्रोकची कल्पना स्कॉटलंडच्या ड्यूगल्ड क्लार्क याने पुढे आणली व १८८१ साली तिचे पेटंट घेतले. पुढे १८९१ च्या सुमारास जोसेफ डे या इंग्रज माणसाने ती इतकी सोपी केली, की झडपांचा संसारच नको झाला. सिलिंडरच्या भिंतीला भोके ठेवायची आणि दट्ट्यानेच ती जातायेता उघडायची-झाकायची! दट्ट्या वर जातो तेव्हा डोक्यावरचे मिश्रण दाबले जाते आणि त्याच वेळी पायाखालच्या क्रँकच्या खोलीत ताजे मिश्रण ओढले जाते. वर ठिणगी पडते, दट्ट्या जोराने खाली येतो. तळाशी येताना तो आधी जळका वायू जाण्याची वाट उघडतो, मग ताज्या मिश्रणाची. खालच्या खोलीत दाबले गेलेले मिश्रण वर उसळते आणि जळक्या वायूला ढकलून बाहेर घालवते. क्रँकच्या प्रत्येक फेरीला एक जोर! हलणारे मुख्य भाग अवघे तीन : दट्ट्या, कनेक्टिंग रॉड आणि क्रँक.

या साधेपणाचे ऋण आपल्या देशाने विसरू नये. बजाजच्या स्कूटरी, राजदूत, जावा-येझदी, १९७२ साली बाजारात आलेली लूना ही सारी टू-स्ट्रोकचीच लेकरे. ज्याने आयुष्यभर सायकल मारली त्या प्राथमिक शिक्षकाला, दूधवाल्याला, पोस्टमनला पहिले यंत्राचे चाक टू-स्ट्रोकनेच दिले. ते बिघडले तर शहर गाठावे लागत नसे. प्लगपाना, पॉलिश पेपरचा तुकडा आणि थोडी अक्कल असली, की रस्त्याच्या कडेला गाडी पुन्हा सुरू होई. चिंचेच्या झाडाखाली पेटी मांडून बसणाऱ्या कितीतरी मिस्त्र्यांची घरे या इंजिनाने चालवली. त्यांच्या हातातल्या ज्ञानाला कोणत्याही विद्यापीठाने पदवी दिली नाही, ही गोष्ट वेगळी.

पण निसर्ग कोणाला फुकट काही देत नाही. ताजे मिश्रण आत येते तेव्हा बाहेरची वाटही उघडीच असते. त्यामुळे थोडे पेट्रोल न जळताच निसटते आणि धुराबरोबर हवेत जाते. पैसा मालकाचा, वास सगळ्यांचा! दुसरे असे, की क्रँकच्या खोलीतूनच मिश्रण जात असल्याने तिथे तेल साठवता येत नाही. म्हणून ते पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. हे तेल वंगणाचे काम करते आणि मग स्वतःही जळते. तो निळसर-पांढरा धूर या जळत्या तेलाचा. त्याची काजळी सायलेन्सरात साचते आणि मिस्त्र्याला ती खरवडून काढावी लागते. घाट उतरताना थ्रॉटल फार वेळ बंद ठेवू नये असे जुने चालक सांगत, त्याचेही कारण हेच : पेट्रोल थांबले की तेलही थांबते आणि दट्ट्या कोरडा पडतो.

वाऱ्याची दिशा बदलली ती १९८५ पासून. त्या वर्षी हिरो होंडाची फोर-स्ट्रोक मोटारसायकल आली आणि लिटरमागे किती किलोमीटर हा प्रश्न घराघरांत विचारला जाऊ लागला. गंमत अशी, की यामाहाची टू-स्ट्रोक आर.एक्स. १०० ही त्याच वर्षीची! एकीने खिसा जिंकला, दुसरीने तरुणांची मने. पुढे २००० सालापासून वाहनांच्या धुराचे निकष कडक होत गेले आणि टू-स्ट्रोक दुचाकी एकेक करून कारखान्यांतून बंद झाल्या. ‘चेतक’ हे नाव २०१९ साली परत आले ते विजेच्या स्कूटरवर. शहरांनी आपली हवा थोडी तरी सांभाळली, हे चांगलेच झाले.

आता माझे मत. आपल्यापैकी अनेकांना जुन्या टू-स्ट्रोक गाडीच्या आवाजाचे वेड आहे. तशी गाडी महाविद्यालयाच्या फाटकातून आत आली, की माना वळतात. ‘तो जमाना वेगळाच होता’ असे आपण म्हणतो. वास्तविक त्या जमान्यात आपण जन्मलोही नव्हतो! या हौसेला माझा विरोध नाही. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी : गाडीवर बसलेल्याचा धूर नेहमी मागे जातो. तो मागच्या सायकलवाल्याच्या, बसथांब्यावरच्या बाईच्या, चौकातल्या पोलिसाच्या नाकात जातो. चालवणाऱ्याला आवाज ऐकू येतो, धूर दिसत नाही. म्हणूनच तर त्याला आवाजाची आठवण राहते!

आणि ज्या टू-स्ट्रोकला आपण इतिहास समजतो, ते गेलेले नाही. ते रस्त्यावरून उतरून माणसाच्या पाठीवर चढले आहे. फवारणीचे पेट्रोल पंप, गवत कापण्याची यंत्रे, झाडे कापण्याच्या करवती यांत आजही मोठ्या प्रमाणावर टू-स्ट्रोक इंजिन असते. त्याला सबळ कारण आहे. पाठीवर न्यायचे यंत्र हलके हवे आणि ते वाकडेतिकडे झाले तरी चालले पाहिजे. तेल पेट्रोलमध्येच असल्याने टू-स्ट्रोकला कोणताही कोन चालतो.

माझे वडील फवारणीच्या हंगामात रोजंदारीवर असा पंप पाठीवर घेतात. लिटरभर पेट्रोलला साधारण चाळीस मिलिलिटर तेल, हे प्रमाण त्यांना पाठ आहे. परंतु मालकाकडून मिळालेल्या डब्यात किती मिसळलेले आहे हे विचारण्याची सोय नसते. तेल जास्त तर धूर जास्त. कमी तर इंजिन अडकते आणि बोलणी मजुरालाच. इंजिन पाठीवर, म्हणजे धूर मानेशी. मोटारसायकलस्वार निदान आपला धूर मागे टाकून पुढे जातो. हा माणूस मात्र दिवसभर आपल्याच धुराच्या सोबतीने सरीतून चालतो, आणि समोर असते औषधाचे तुषार! २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मृत्युमुखी पडले. ते विष कीटकनाशकाचे होते, इंजिनाच्या धुराचे नव्हे, हे मी जाणतो. पण पंप पाठीवर घेणाऱ्याच्या श्वासाचा विचार आपण सर्वांत शेवटी करतो, हे त्या घटनेने दाखवून दिले.

आमच्या अर्थशास्त्राच्या तासाला ‘बाह्य परिणाम’ हा विषय असतो. पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० सालच्या आपल्या ग्रंथात त्याची चर्चा केली : कारखान्याच्या धुराड्याचा खर्च कारखानदाराच्या वहीत लिहिला जात नाही, तो शेजाऱ्यांना सोसावा लागतो. परीक्षेत यावर टीप लिहून आपण गुण मिळवतो. मग शिवारातला हा बाह्य परिणाम आपल्याला दिसू नये काय? पंप विकत घेतो एक आणि त्याचा धूर घेतो दुसरा. जो विकत घेतो तो किंमत आणि वजन पाहतो. जो धूर घेतो त्याला दुकानात कोणी विचारत नाही. मोटारसायकलला पी.यू.सी. लागते, पाठीवरच्या पंपाला लागत नाही.

कोणी म्हणेल, मग उपाय काय? उद्या सकाळी सगळे पंप मोडीत काढा असे मी म्हणत नाही; गरिबाचा रोजगार त्यावर आहे. परंतु बॅटरीवरचे पंप आता गावोगावी मिळतात आणि कमी उंचीच्या पिकाला ते पुरतात. उंच बागेला जिथे जोर हवा, तिथे कोणत्याही कोनात चालणारी छोटी फोर-स्ट्रोक इंजिनेही निघाली आहेत. ती महाग आहेत. म्हणूनच ती एकट्याने न घेता सोसायटीने किंवा ग्रामपंचायतीने घेऊन भाड्याने द्यावीत. आणि जोवर जुना पंप आहे, तोवर त्याचे मिश्रण मोजून व्हावे आणि सायलेन्सर वेळेवर साफ व्हावा.

यात महाविद्यालयाचाही वाटा आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ता झाडतो, वृक्षारोपण करतो. एक दिवस गावातल्या मिस्त्र्याला गुरुस्थानी बसवून पंपांच्या दुरुस्तीला द्यावा. अर्थशास्त्र आणि भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी एका गावाची साधी पाहणी करावी : पंप किती, कोणाच्या मालकीचे आणि कोणाच्या पाठीवर? आमच्या प्राध्यापकांनी मनावर घेतले तर पुढच्या वर्षीच्या अंकात ही पाहणी छापता येईल.

आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. शिकून काय करणार, असे गावात विचारतात. नोकरीचे उत्तर आज माझ्यापाशी नाही. पण जो धूर घेतो त्याची नोंद निदान कागदावर तरी करता यावी, एवढे शिक्षण मला हवे आहे.

— द्वितीय वर्ष, कला