स्टार्टर की रिलीव्हर? तरुण पिचरचा निर्णय कोण घेतो आणि कोणासाठी

१/
बेसबॉलमध्ये एक वाद दर पिढीत नव्याने पेटतो. विशीतला, विजेच्या वेगाने चेंडू फेकणारा एखादा मुलगा संघात येतो. त्याच्याकडून सामन्याची सुरुवात करून घ्यावी, की शेवटच्या निर्णायक क्षणांसाठी त्याला राखून ठेवावे? वरकरणी हा डावपेचांचा प्रश्न वाटतो. माझ्या मते तो मुळात काळाचा प्रश्न आहे. आजच्या विजयासाठी एखाद्याचा उद्या किती खर्च करावा आणि तो खर्च करण्याचा अधिकार कोणाचा? हा थ्रेड त्याविषयी.

२/
आधी थोडी पूर्वपीठिका. सामना नऊ इनिंगचा असतो. पहिल्या चेंडूपासून पाच-सहा इनिंग जो टाकतो तो स्टार्टर. त्याच्यामागून येतात ते रिलीव्हर आणि आघाडी टिकवून सामना संपवतो तो क्लोजर. क्रिकेट पाहणाऱ्यांनी एक फरक ध्यानात घ्यावा. आपला गोलंदाज सकाळी चार षटके टाकून विश्रांती घेतो आणि दुपारी पुन्हा चेंडू हाती घेतो. बेसबॉलमध्ये एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. त्यामुळे कोणाला केव्हा आणावे, यालाच सारे महत्त्व.

३/
स्टार्टर साधारणतः पाच दिवसांतून एकदा उतरतो आणि समोरच्या नऊ फलंदाजांना दोनदा, कधी तिनदा सामोरा जातो. पहिल्या भेटीत निव्वळ वेग पुरतो. तिसऱ्या भेटीपर्यंत फलंदाजाने त्याचा हात ओळखलेला असतो, म्हणून भात्यात तीन-चार प्रकारचे चेंडू लागतात. रिलीव्हरला एका इनिंगपुरते दोन प्रकार पुरतात आणि सारी ताकद त्याच इनिंगमध्ये ओतता येते. साहजिकच तोच मुलगा रिलीव्हर म्हणून अधिक भेदक दिसतो. मोहाचा उगम येथेच आहे.

४/
या मोहावर एक जुना तोडगा होता. १९६८ साली बाल्टिमोर ओरिओल्सची सूत्रे हाती घेणारे अर्ल वीव्हर यांचे मत असे होते, की नवख्या पिचरची खरी जागा लाँग रिलीफमध्ये असते. म्हणजे स्टार्टर लवकर कोलमडला की मधल्या तीन-चार इनिंग सांभाळायच्या. सामना बहुधा आधीच हातचा गेलेला असतो, त्यामुळे चुकीची किंमत कमी आणि शिकण्यास वाव अधिक. एक प्रकारची उमेदवारीच ती. काम खरे असते, पण दुकानाची किल्ली अजून हाती आलेली नसते.

५/
डेनिस मार्टिनेझ या शाळेचा विद्यार्थी. निकाराग्वातून मेजर लीगमध्ये पोहोचलेला तो पहिला खेळाडू. १९७७ साली तो ४२ सामने खेळला, त्यांपैकी सुरुवात केली केवळ १३ सामन्यांत. दोनच वर्षांनी, १९७९ मध्ये, अमेरिकन लीगमध्ये सर्वाधिक इनिंग टाकणारा पिचर तोच होता. त्याच्या कारकिर्दीत पुढे २४५ विजय जमा झाले. येथे रिलीफ हा मुक्काम नव्हता, वाटेवरचे ठाणे होते.

६/
ही शाळा पुढे मोडत गेली. १९६९ मध्ये 'सेव्ह' हा आकडा अधिकृत नोंदींत आला आणि सामना संपवणाऱ्याला स्वतंत्र प्रतिष्ठा लाभली. १९८८ पासून ओकलंडच्या टोनी ला रुसा यांनी डेनिस एकर्स्ली या अनुभवी पिचरला प्रामुख्याने नवव्या इनिंगसाठी राखले, तो प्रयोग कमालीचा यशस्वी झाला आणि इतर संघांनी त्याचे अनुकरण केले. परिणामी बुलपेनमधील काम तुकड्यातुकड्यांत विभागले गेले. आज तेथे गेलेला मुलगा बहुधा तीन-चार इनिंग टाकायला शिकत नाही. तो एकच इनिंग, पुन्हा पुन्हा टाकतो.

७/
आता त्या मोहाची सर्वांत महाग किंमत पाहू. १९९३ साली लॉस एंजेलिस डॉजर्समध्ये एक सडपातळ डोमिनिकन तरुण होता. त्याचा थोरला भाऊ रमोन त्याच संघाचा स्टार्टर. धाकट्याने त्या हंगामात ६५ सामन्यांत १०७ इनिंग टाकल्या आणि ११९ फलंदाजांना स्ट्राइकआउट केले. सुरुवात मात्र त्याला फक्त दोनदा मिळाली. मॅनेजर टॉमी लसोर्डा यांना वाटे, की एवढ्या किरकोळ बांध्याला स्टार्टरचा भार झेपणार नाही. हा तरुण म्हणजे पेड्रो मार्टिनेझ.

८/
त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डॉजर्सना दुसऱ्या बेसवर खेळाडू हवा होता. त्यांनी डेलिनो डीशील्ड्सच्या बदल्यात पेड्रोला माँट्रिअलला देऊन टाकले. माँट्रिअलने त्याला स्टार्टर केले. १९९७ मध्ये त्याने २४१ इनिंग टाकून ३०५ स्ट्राइकआउट घेतले आणि साय यंग पुरस्कार पटकावला. पुढे बॉस्टनकडून आणखी दोन, आणि २०१५ मध्ये हॉल ऑफ फेम. डॉजर्सकडे या मुलाविषयीची माहिती इतर कोणाहूनही अधिक होती. त्यांनी भरवसा ठेवला तो त्याच्या चेंडूंपेक्षा त्याच्या शरीरयष्टीवर.

९/
दुसरे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. जोबा चेंबरलेन दुय्यम संघांतून स्टार्टर म्हणूनच घडत होता. ऑगस्ट २००७ मध्ये न्यूयॉर्क यांकीजना बुलपेनमध्ये आधार हवा होता, म्हणून त्याला तेथे आणले गेले. १९ सामने, २४ इनिंग, ३४ स्ट्राइकआउट. शहर वेडे झाले. सलग दोन दिवस चेंडू टाकायचे नाहीत, जितक्या इनिंग तितके दिवस विश्रांती, अशी बंधने त्याच्यावर होती आणि त्या नियमांना त्याच्याच नावाने ओळखले जाऊ लागले.

१०/
मग सुरू झाली ओढाताण. २००८ च्या आरंभी बुलपेन, जूनमध्ये स्टार्टर, ऑगस्टमध्ये खांद्याची दुखापत. २००९ मध्ये ३१ सामन्यांत सुरुवात, पण हंगामाच्या उत्तरार्धात हात जपण्यासाठी तीन-चार इनिंगनंतरच बाहेर. अंतिम टप्प्यात पुन्हा रिलीफ. २०१० मध्ये स्टार्टरची पाचवी जागा फिल ह्यूजला मिळाली आणि चेंबरलेन कायमचा बुलपेनमध्ये गेला. तेव्हा तो २४ वर्षांचा होता. त्यानंतर मेजर लीगमध्ये त्याने एकाही सामन्याची सुरुवात केली नाही.

११/
दुखापत भूमिका बदलल्यामुळेच झाली, असे म्हणण्यास पुरावा नाही आणि मी तसे म्हणणारही नाही. पिचरचा हात कोणत्याही भूमिकेत दगा देऊ शकतो. माझा आक्षेप वेगळा आहे. या तीन वर्षांत एकाही वळणावर 'हा मुलगा पाच वर्षांनी कोण व्हावा' हा प्रश्न अखेरपर्यंत निर्णायक राहिला नाही. संघाची तातडीची गरज आणि हाताविषयीची भीती आळीपाळीने सुकाणू धरत राहिल्या. बंधने भरपूर होती, दिशा मात्र दर काही महिन्यांनी बदलत होती.

१२/
विरुद्ध बाजूही तितक्याच गंभीरपणे मांडली पाहिजे. गूस गॉसेज १९७५ मध्ये अमेरिकन लीगमधील सर्वाधिक सेव्ह नोंदवणारा रिलीव्हर होता. शिकागो व्हाइट सॉक्सने १९७६ मध्ये त्याला स्टार्टर केले. ९ विजय, १७ पराभव. पुढच्या वर्षी पिट्सबर्गने त्याला पुन्हा बुलपेनमध्ये नेले आणि तो तेथूनच हॉल ऑफ फेमपर्यंत पोहोचला. टेक्ससच्या नेफ्ताली फेलिझने २०१० मध्ये ४० सेव्ह केले. २०१२ मध्ये तो स्टार्टर झाला आणि सात सामन्यांनंतर कोपराच्या शस्त्रक्रियेची वेळ आली.

१३/
आणि मारियानो रिव्हेरा? रिलीव्हरच्या बाजूने बोलणारा प्रत्येक जण त्याचेच नाव घेतो. ६५२ सेव्ह, हॉल ऑफ फेममध्ये एकमताने निवड झालेला पहिला खेळाडू. परंतु क्रम पाहा. १९९५ मध्ये यांकीजने त्याला दहा सामन्यांत सुरुवात करू दिली. ते जमले नाही. मग तो बुलपेनमध्ये गेला आणि १९९६ मध्येही त्याने रिलीव्हर म्हणून शंभरहून अधिक इनिंग टाकल्या. त्याचे उदाहरण 'थेट रिलीव्हर करा' असे सांगत नाही. ते सांगते, 'आधी संधी द्या, मग ठरवा.'

१४/
इतिहासाच्या अभ्यासात एक सापळा नेहमी आडवा येतो. शेवट ठाऊक असल्यामुळे आपण सुरुवातीला शहाणपण किंवा मूर्खपण बहाल करतो. पेड्रो यशस्वी झाला म्हणून लसोर्डा चूक, गॉसेज अपयशी ठरला म्हणून शिकागो चूक, असा न्याय फार सोपा आहे. जे बुलपेनमध्येच विरून गेले आणि ज्यांची नावेही उरली नाहीत, त्यांचा हिशेब या याद्यांत नसतो. म्हणून निर्णय निकालावरून जोखू नये. त्या दिवशी काय ठाऊक होते आणि कोणता मार्ग खुला राहिला, यावरून जोखावा.

१५/
या कसोटीवर एक विषमता स्पष्ट दिसते. स्टार्टरला रिलीव्हर करणे जवळपास केव्हाही शक्य असते. उलट प्रवास मात्र दरवर्षी अवघड होत जातो. हंगामात ६०-७० इनिंग टाकणाऱ्या शरीराला १८० इनिंगची सवय एकाएकी लागत नाही. तिसऱ्या-चौथ्या प्रकारचा चेंडू वापराविना गंजतो. आणि संघाला त्या नवव्या इनिंगची चटक लागते. ज्या दारातून परत येता येते, ते आधी उघडून पाहावे, एवढाच माझा युक्तिवाद.

१६/
बुलपेन शाळा म्हणून आजही चालू शकते, हेही तितकेच खरे. योहान सांताना २००० मध्ये मिनेसोटाच्या बुलपेनमध्ये होता. २००२ मध्ये त्याला एडमंटनच्या दुय्यम संघात पाठवून त्याच्याकडून चेंजअप, म्हणजे वेगवान भासणारा संथ चेंडू, घोटवून घेतला गेला. २००४ मध्ये तो साय यंग विजेता स्टार्टर होता. अ‍ॅडम वेनराइटने २००६ ची वर्ल्ड सिरीज सेंट लुईसचा क्लोजर म्हणून संपवली. विजेत्या क्लोजरला हलवू नये, हा मोह केवढा असेल! संघाने पुढच्याच हंगामात त्याला स्टार्टर केले. निवृत्तीच्या वेळी त्याच्या नावावर २०० विजय होते.

१७/
राहिला अधिकाराचा प्रश्न. मेजर लीगमध्ये पहिली सहा वर्षे पूर्ण होईपर्यंत खेळाडू सहसा खुल्या बाजारात जाऊ शकत नाही. त्या काळात भूमिका संघ ठरवतो, तिचे मोल मात्र खेळाडूला पुढे आयुष्यभर मोजावे लागते. गेरिट कोल या स्टार्टरचा २०१९ चा करार ३२.४ कोटी डॉलरचा होता. एडविन डियाझचा २०२२ चा करार रिलीव्हरसाठी विक्रमी मानला गेला, तो १०.२ कोटींचा. 'संघहितासाठी बुलपेनमध्ये जा' या वाक्यात केवढा त्याग दडलेला आहे, हे या दोन आकड्यांतून कळते.

१८/
म्हणूनच ज्यांनी तोंड उघडले त्यांची नोंद घ्यावी. मे २०१२ मध्ये कोपर दुखते म्हणून शिकागो व्हाइट सॉक्सने क्रिस सेलला क्लोजर करण्याचे ठरवले. त्याने विरोध केला, तपासणी निर्धोक निघाली आणि तो स्टार्टर म्हणून परतला. २०२४ मध्ये, वयाच्या पस्तिशीत, त्याने साय यंग जिंकला. त्याच शिकागोच्या गॅरेट क्रोशेने मेजर लीगमध्ये पहिल्यांदा सुरुवात केली ती २०२४ च्या सलामीच्या सामन्यात. त्याआधी तो केवळ रिलीव्हर होता. वर्षभरात बॉस्टनने त्याच्याशी १७ कोटी डॉलरचा करार केला.

१९/
माझे मत थोडक्यात. ज्या तरुणाच्या भात्यात तिसरा चेंडू आहे किंवा येण्याची आशा आहे, त्याला आधी स्टार्टर म्हणून पुरेशी, सलग संधी द्यावी. बुलपेनमध्ये पाठवायचे असेल तर तेथे काय शिकायचे आणि परत केव्हा यायचे, हे पाठवतानाच सांगावे. आणि त्या चर्चेत त्याला खुर्ची द्यावी. एवढे करूनही जमले नाही, तर रिलीव्हर होण्यात कमीपणा काहीच नाही. रिव्हेराने तेच केले.

२०/
वीव्हर यांच्या पद्धतीत मला आजही मोलाचे वाटते ते एवढेच, की तिच्यात नवख्याला वाट पाहायला लावले जाई, पण तो कशाची वाट पाहतो आहे हे सर्वांना ठाऊक असे. आज वाट पाहायला लावणारे संघ पुष्कळ आहेत. मुदत सांगणारे थोडे. वाचकांपैकी कोणाला याविरुद्ध जाणारे उदाहरण ठाऊक असल्यास जरूर लिहावे, विशेषतः स्टार्टर म्हणून संधीच न मिळालेल्यांचे. (समाप्त)