तळ्याचे पाणी आणि वस्तीची विहीर

देवणीचे नाव देशभर गेले ते तिथल्या गोवंशामुळे. पण लातूर-नांदेडच्या या कोरडवाहू पट्ट्यात गावतलावातले आणि शेततळ्यातले मासेही भूमिहीन, अल्पभूधारक कुटुंबाच्या संसाराला आधार देऊ शकतात. त्याचे आम्ही स्वागतच करतो. मात्र आमचा एक सवाल आहे. तळे उपसल्यावर ते घाण पाणी जाते कुठे?

माशांना टाकलेले सगळे खाद्य त्यांच्या पोटात जात नाही. उरलेले खाद्य आणि विष्ठा तळाशी कुजते, त्यातून अमोनिया तयार होतो. जिवाणू त्याचे आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. पहिले दोन माशांना मारक आहेत. तिसरे विहिरीत झिरपले तर तान्ह्या लेकरांच्या जिवावर बेतते. म्हणूनच पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावे, असे भारतीय मानक आहे.

यावर उपाय महागडे नाहीत. खाद्य मोजूनच टाकावे. पहाटे मासे पाण्यावर तोंड काढू लागले की प्राणवायू कमी पडला असे समजून खाद्य थांबवावे, पाणी खेळते करावे. चुना टाकायचा तो तळे रिकामे करून, गाळ काढून. अमोनिया वाढलेल्या पाण्यात चुना ओतला तर सामू चढतो आणि विष अधिकच तीव्र होते. उपसलेले पाणी आधी खड्ड्यात निवळू द्यावे, मग पिकाला द्यावे. त्यातले नत्र आणि स्फुरद शेतात खत आहे, विहिरीत मात्र विष आहे. कोलकात्याच्या पूर्वेकडील पाणथळीत तर शहराचे सांडपाणी उथळ तळ्यांत ऊन आणि शेवाळाच्या बळावर निवळते व त्यावर मासे पोसले जातात. 2002 साली त्या जागेला रामसर दर्जा मिळाला. कष्टकऱ्यांचे शहाणपण ते हेच!

कायदाही स्पष्ट आहे. 1974 च्या जलप्रदूषण कायद्याचे कलम 24 प्रवाहात, विहिरीत वा जमिनीवर प्रदूषक सोडण्यास मनाई करते. प्रदूषणमुक्त पाणी हा कलम 21 मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली सुभाषकुमार खटल्यात सांगितले. तलाव ही समाजाची संपत्ती आहे, हे 2001 च्या हिंचलाल तिवारी निकालाने बजावले. पण कायदा पुस्तकात आणि घाण वस्तीच्या अंगणात, अशी स्थिती असेल तर त्या निकालांचा उपयोग काय?

20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले ते माणुसकीच्या समान हक्कासाठी. पाणी मिळाले, पण ते पिण्याजोगे नसेल तर तो हक्क अपुराच राहतो. म्हणून आमची मागणी अशी की, तलावाच्या ठेक्यातच पाणी निवळून सोडण्याची अट असावी. लगतच्या विहिरींची तपासणी व्हावी आणि तिचा अहवाल ग्रामसभेत वाचला जावा. मच्छीमार संस्थांच्या सभासदांना तपासणीचे साहित्य व प्रशिक्षण शासनाने द्यावे. नियमाचा बडगा गरिबाच्या तळ्यावर आणि सवलत बड्यांच्या कारखान्याला, हा न्याय मात्र आम्हाला मान्य नाही. येत्या ग्रामसभेत बांधवांनी आणि विशेषतः भगिनींनी हा प्रश्न लेखी मांडावा. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते, लेखी तक्रारीची पोच मागता येते.