पडद्यावरचे डॉक्टर आणि कमरेचा घेर



आरोग्याविषयी आपण सहसा पावसाळ्यातील साथींपुरतेच बोलतो. आज वेगळा विषय मांडत आहे, कारण तो आमच्याच घरात घडला.

आमच्या वहिनींनी वजन कमी करण्यासाठी आठवड्याला एकदा घ्यावयाचे इंजेक्शन मागवले. मोबाईलवर उंची आणि वजन भरले, डॉक्टर पाच मिनिटे पडद्यावर बोलले आणि चिठ्ठी हातात आली. वहिनींना मधुमेह आहे व त्यासाठी त्या ग्लिमेपिराइडची गोळी रोज घेतात. हे ना कोणी विचारले, ना त्यांनी सांगितले. भूक मेली, जेवण निम्म्यावर आले. गोळी मात्र चालूच राहिली. एका सकाळी त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. दादाने साखरपाणी पाजले म्हणून निभावले.

सेमाग्लुटाइड, टिरझेपाटाइड ही औषधे जेवणानंतर आतड्यातून स्रवणाऱ्या संप्रेरकांची नक्कल करतात. जठर सावकाश रिकामे होते, पोट लवकर भरल्यासारखे वाटते आणि रक्तातील साखर वाढली की इन्सुलिन अधिक स्रवते. जोडीला ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन असेल तर साखर फार खाली जाऊ शकते, म्हणून त्यांची मात्रा बहुधा कमी करावी लागते. स्वादुपिंडाला पूर्वी सूज आली होती का, घराण्यात थायरॉइडचा कर्करोग आहे का, डोळ्यांचा पडदा तपासला आहे का, हेही विचारायचे असते. टिरझेपाटाइड आपल्या देशात मार्च 2025 मध्ये आले आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड जून 2025 मध्ये. औषधे गुणकारी आहेत, पण सोडली की उतरलेले वजन बरेचसे परत येते.

शिवाय नुसत्या उंची-वजनावरून आपल्या लोकांचे शरीर कळत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधील सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही 22.3, पण शरीरातील चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिक यांची 21.2 टक्के! अंगाने बारीक दिसणाऱ्या आपल्या माणसांतही मधुमेह का आढळतो, याचे एक उत्तर येथे आहे. कमरेचा घेर कोणीतरी टेप लावून मोजावा लागतो.

याचा अर्थ पडद्यावरचे डॉक्टर नकोत असा नाही. मार्च 2020 मध्ये सरकारने दूरवैद्यकसेवेचे नियम घालून दिले. गुडघे दुखणाऱ्या आजींना किंवा दूर गावच्या रुग्णाला तिचा मोठाच आधार आहे. पण निदान न करता औषध लिहून देणे हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार आहे आणि अल्पवयीन रुग्णासोबत प्रौढ व्यक्ती हवी, हेही त्याच नियमांत आहे.

माझे मत असे : या औषधांची पहिली चिठ्ठी डॉक्टरांसमोर बसूनच घ्यावी. सुलतान बाजार-कोठीत राहणाऱ्यांना त्यासाठी दूर जावे लागत नाही. उस्मानिया वैद्यकीय महाविद्यालय तर आपल्या शेजारीच आहे. जाताना घरातील सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्याव्यात. पुढची विचारपूस खुशाल फोनवर करावी.

विश्वस्त मंडळास नम्र सूचना, की पालकसभेच्या दिवशी एक टेप, एक वजनकाटा व साखर तपासण्याची सोय ठेवावी.

आणि विद्यार्थी मित्रांनो, वर्गातल्या कोणाला ‘जाड्या’ म्हणून हाक मारण्यापूर्वी क्षणभर थांबा. चोरून औषध मागवण्याचा विचार अनेकदा अशाच एका हाकेतून सुरू होतो.