कॅम्पातले दालपकवान

शहाड स्टेशनावरून उल्हासनगरचा एक नंबर कॅम्प जवळच. १९४७ च्या फाळणीत घरदार सुटलेले सिंधी इथल्या लष्करी छावणीत उतरले. १९४९ मध्ये वस्तीला उल्हासनगर नाव मिळाले. रविवारी सकाळी आम्ही मुलांना घेऊन तिथे दालपकवान खायला जातो. जिरे घातलेली मैद्याची कडक पुरी, चण्याची दाट डाळ, कांदा, चिंचेची चटणी. पोटभरीचे काम.

परवा आईलाही नेले. गावच्या हॉटेलात आपल्या लोकांचा कप बाहेर वळचणीला असे, चहा वरून ओतत. बाकड्यावर बसायला ती कचरली. मालकाने स्टीलची बशी हातात दिली. "माताजी, दाल और दूँ?" तिने दोनदा घेतली. चेटीचंडच्या मिरवणुकीत गोड भात वाटतात, हे तिला सुनेने सांगितले. "मग तेव्हाही येऊ," म्हणाली.