एक संगणक, दोन कारभारी



एका घरात दोन चुली पेटल्या की ते घर दुभंगले, असे आपण म्हणतो. संगणकाच्या बाबतीत मात्र दुसरी चूल मांडल्याने मोडता संसार सावरतो, आणि तसा प्रसंग आज पुष्कळ घरांवर आला आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीची नियमित देखभाल थांबविली. ज्यांनी वेगळी नोंदणी केली त्यांना केवळ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत मिळाली. नवी विंडोज ११ घ्यावी, तर २०१७ पूर्वीचे बहुतेक संगणक तिच्या कसोटीस उतरत नाहीत. यंत्र धडधाकट आहे, परंतु त्याच्या दारावरचा पहारेकरी निघून गेला, अशी ही अवस्था होय.

सुरतेच्या उधना, लिंबायत, पांडेसरा या वस्त्यांत खानदेशातून कापडधंद्यासाठी गेलेली असंख्य मराठी कुटुंबे नांदतात. त्यांपैकी एखादे घर डोळ्यांपुढे आणा. वडील साड्यांच्या कामाचा हिशेब टॅलीवर ठेवतात. मुले महापालिकेच्या मराठी शाळेत शिकतात. घरात संगणक एकच, आणि तोही जुना. नवा घेण्याची ऐपत नाही. टॅली विंडोजसाठी बनविलेली, म्हणून विंडोज सोडवत नाही. आणि पहारा नसलेल्या विंडोजवरून इंटरनेटवर जाणे म्हणजे तिजोरी उघडी टाकून झोपणे. अशा घराने काय करावे?

त्याने त्याच संगणकात दुसरा कारभारी नेमावा. संगणकाचा सारा कारभार पाहणाऱ्या मूळ प्रणालीस आपण येथे कारभारी म्हणू. विंडोज हा एक. लिनक्स हा दुसरा. हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा गाभा प्रथम प्रसिद्ध केला. तो विनामूल्य मिळतो, आणि मिंट, उबुंटू अशा त्याच्या अनेक आवृत्त्या आहेत. केरळातील सरकारी शाळांत मुले त्यावरच शिकतात. पडद्यावरील पुष्कळसा मजकूर मराठीतही करून घेता येतो.

दोघे एकाच वेळी काम करीत नाहीत. संगणक सुरू करताच एक यादी दिसते. बाणाच्या कळीने आपण त्या वेळचा कारभारी निवडतो. कामाची वाटणी अशी करावी : हिशेब विंडोजवर, परंतु इंटरनेट तोडून, आणि पत्रव्यवहार, अभ्यास व बँकेचे काम लिनक्सवर. विंडोजच्या कप्प्यातील फाईल लिनक्सला वाचता येते, म्हणून टॅलीतून काढलेला तक्ता तेथून पाठविता येतो. उलट बाजूने मात्र विंडोज सहसा लिनक्सच्या कप्प्यात डोकावू शकत नाही.

आता कृती. पहिले काम म्हणजे हिशेब, छायाचित्रे व कागदपत्रे यांची नक्कल बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेणे, आणि ती उघडून तपासणे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणाच्या पाण्याने तापीस पूर आला व सुरतेचा मोठा भाग बुडाला. एकाच जागी ठेवलेल्या चोपड्यांचे अशा वेळी काय होते, हे त्या शहरास सांगावयास नको. बिटलॉकरचे कुलूप लावलेले असेल, तर त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर उतरवून ठेवावी.

मग विंडोजमध्येच तिचा कप्पा लहान करून पन्नासएक जीबी जागा मोकळी करावी आणि ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे. नाहीतर विंडोज पुरती झोपत नाही आणि तिच्या फाईलींना धोका पोहोचतो. दुसऱ्या एखाद्या संगणकावर लिनक्स पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावे, आणि त्यावरूनच ते प्रथम चालवून पाहावे. छपाईयंत्र, आवाज, वायफाय ठीक चालतात असे दिसल्यावरच ते कायमचे बसवावे.

बसविताना एका वळणावर अत्यंत सावध असावे. ‘विंडोजच्या शेजारी बसवा’ आणि ‘डिस्क पुसून बसवा’ असे दोन पर्याय समोर येतात. दुसरा निवडला की वर्षांचे हिशेब काही मिनिटांत नाहीसे होतात. वीज जाण्याची भीती असल्यास हे काम त्या दिवशी हातीच घेऊ नये.

पुढे विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे पडलेले दिसले तर घाबरू नये. लिनक्स यंत्रातील घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर ठेवते व विंडोज स्थानिक वेळेवर, एवढाच तो मतभेद. लिनक्सला स्थानिक वेळ पाळावयास सांगितले की तो मिटतो.

हे सारे जमणार नाही असे वाटल्यास गावातील एखाद्या जाणत्या तरुणास अवश्य बोलवावे. मात्र नक्कल घेण्याचे काम त्याच्यावर सोपवू नये. तो उंबरठ्यावर येण्यापूर्वीच घरच्या माणसाने ते स्वतः उरकलेले असावे.